बिनसांध्याचा ब्लास्टर

१४ सप्टें., रविवार

मयूचं पार्सल आलं. सौ.ने उघडून ओट्यावरच ठेवलं नि हाक मारली, "पाहा, लेकीनं काय पाठवलं बापाले."

एअरसॉफ्ट. छर्रे मारणाऱ्या पिस्तुलाची प्लॅस्टिकची नक्कल, नळीच्या तोंडाला केशरी टोपण. सोबत मयूच्या हातचं चित्र. तिने स्वतःच रचलेल्या अवकाशातल्या गोष्टीतली एक वैमानिक, तुटकी यानं शोधून त्यांचे भाग विकणारी. तिच्या हातात हीच वस्तू, पण ओळखू न येणारी. लांब नळी, अंगावर पात्या, पाठीवर लाल आकड्यांची खिडकी. ब्लास्टर म्हणतात म्हणे.

फोनवर म्हणाली, "बाबा, बारा ऑक्टोबरला पोशाखांची स्पर्धा. ड्रेस मी करतेय. हे मला जमणार नाही, तुम्हाला जमेल."

गेल्या वर्षी इंजिनियरिंग अर्ध्यात सोडून पुण्यात नाटक-सिनेमाचे पोशाख नि सामान बनवायला शिकते आहे. आमचं ठरलंय असं: या स्पर्धेतून दोघांना तिथल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला घेणार. त्यात ती आली तर ठीक. नाही आली तर खामगावला परत, डिग्री पुरी करायची. शब्द मी मागितला, तिने दिला.

हो म्हटलं नाही. वस्तू ठेवून घेतली.

१६ सप्टें., मंगळ.

खोलला. स्प्रिंग, पिस्टन, छर्र्याची बारीक नळी, सगळं भंगाराच्या ड्रममध्ये. स्पर्धेचा नियमच आहे, वस्तूतून काही सुटता कामा नये. पुढच्या नळीत पितळी दांडा ठोकला, भोवती इपॉक्सी. कायमचं बंद.

आकड्यांच्या खिडकीचा प्रश्न सुटला. अडतीतला एक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा दुकानात पडून होता, उंदराने वायरी खाल्लेला. मालकाने सोडूनच दिलाय. त्याचा लाल डिस्प्ले बरोबर बसतो. पात्या जुन्या ॲम्प्लिफायरच्या. मागचं चक्र मिक्सरच्या भांड्याखालचं.

काटे दुरुस्त करायला मला कोणी शिकवलं नाही. हेही शिकवायला कोणी लागणार नाही.

१९ सप्टें., शुक्र.

गजू आला. सौ.चा धाकटा भाऊ, पिंपळगाव राजाला शेती. दुकानात पाय ठेवतो न ठेवतो तोच,

"काऊन हो भाऊजी, काट्याचा धंदा सोडून डाकूगिरी धरली का?"

"मयूच्या स्पर्धेचं आहे."

"हे डिग्रीले चालते का?"

 त्याने हातात घेऊन नेम धरला. घेताना बोटं ओल्या पुट्टीवर. पुन्हा घासावं लागलं.

२३ सप्टें., मंगळ.

सांधा. प्लॅस्टिकचे दोन अर्धे भाग जोडले की मधून रेघ दिसते. त्या रेघेवरून कोणीही म्हणेल, खेळणं आहे. चिकटवून, गाडीची पुट्टी भरून, पाणी लावून घासतोय. आधी जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. स्क्रूची भोकंही बुजवली.

मयू म्हणाली, "स्क्रू राहू द्या ना बाबा, उघडायला लागलं तर?"

"बॅटरीला खालून झाकण ठेवलंय. बाकी उघडायचं काय काम?"

"आणि स्टेजवरून रेघ कोणाला दिसणार?"

मला दिसेल.

२५ सप्टें., गुरु.

डोळे मिटून अंगठ्याचं नख फिरवलं. कुठेही अडकत नाही. सौ.ला म्हटलं, सांधा शोध. तिने दोनदा फिरवून पाहिलं. "नाई बा लागत." बरं वाटलं.

२७ सप्टें., शनि.

आधी चांदीसारखा रंग. त्यावर पाण्याचे थेंब, थेंबांवर जाडं मीठ. वर काळा स्प्रे. वाळल्यावर मीठ खरवडलं की तिथे तिथे चांदी उघडी पडते, वर्षानुवर्षं वापरून टवके उडालेलं लोखंड वाटतं. कडांवर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने. वरून लॅकर.

केशरी टोपण काढून टाकलं. नळीला पितळी कडं करून बसवलं, तोंड काळं. मयू म्हणाली होती, टोकाला हात लावू नका, ते मी शेवटी पाहीन. पण एवढ्या कामाच्या तोंडाला ती केशरी बोंडी. नाही पाहवलं.

आता लांबून कोणी म्हणणार नाही की हे प्लॅस्टिक आहे.

२ ऑक्टो., गुरु., दसरा

दुकानात पूजा. काटे, वजनं, कानशी, पकडी मांडल्या, झेंडू वाहिला. सौ.ने ब्लास्टर आणून बरोबर मधोमध ठेवला. म्हटलं, हे हत्यार नाही. "तुमच्या हातचं तं हाय. मंग पूजा नाई कराव का त्याची?" कुंकू लावू दिलं नाही, लॅकर कच्चं आहे. अक्षता नि एक फूल.

गजूने मोबाइल काढला. मीच म्हटलं, उजेड डावीकडून घे, मिठाचे टवके दिसले पाहिजेत. पुन्हा पुन्हा काढायला लावला.

दुपारी मयू. मामाचं स्टेटस पाहिलं तिने. "बाबा, भारी झालाय."  मग, "केशरी टोक कुठंय?"

"तुझ्या चित्रात नाही ते."

"चित्रात नाही. पण रस्त्याने नेताना लागतं, खरं वाटू नये म्हणून. मी हॉलवर गेल्यावर काढणार होते."

"टोपण इथंच आहे."

खोटं नाही, ड्रममध्ये आहे. पण पितळी कड्यावर ते आता बसत नाही.

गजूचं स्टेटस नंतर पाहिलं. वजनं, झेंडू, मधे ब्लास्टर. खाली लिहिलंय: भाऊजीनं सोता बनवलं, नाद नाई करायचा. फोटो चांगला आला आहे.

४ ऑक्टो., शनि.

सकाळी ठाण्यातले एक जमादार दुकानात. वाटलं काट्याचं काम. त्यांनी मोबाइल पुढे केला. गजूचा फोटो.

"हे तुमच्यावालंच दुकान ना?"

"हो."

"मंग ते आना, अन् चाला."

सणासुदीत कोणी हत्याराचे फोटो टाकतं का यावर लक्ष असतं, हे मला माहीत होतं. पेपरात वाचतो. हे हत्यार नाही म्हणून डोक्यातच आलं नाही.

ठाण्यात फौजदार मॅडम, नाशिककडच्या. टेबलावर ब्लास्टर. एक शिपाई लांबूनच पाहत होता, लाल आकडे चालू राहिले होते म्हणून. जमादारांनी विचारलं, "हे आकडे उलटे चालून राह्यले का सुलटे?" मी खालचं झाकण काढून बॅटरी काढली तेव्हा जवळ आले.

"कोणत्या कंपनीचं आहे?" मॅडम.

"कंपनीचं नाही. मी बनवलंय."

"सगळं?"

"सगळं. बाहेरून काही करून घेतलं नाही."

जमादारांनी पेन खाली ठेवलं. "दादा, जरा इचार करून बोला. सोता बनवलं म्हंजे काय होते, मालूम हाय का?"

तेव्हा उजेड पडला. मी मोठेपणाने जे सांगत होतो त्याला इथे गावठी कट्टा बनवणं म्हणतात.  एअरसॉफ्टचं सांगितलं, मयूचं सांगितलं, चित्र दाखवलं. मॅडमनी चित्र बराच वेळ पाहिलं.

"आतले भाग कुठे आहेत?"

"काढले. भंगारात."

"मग उघडून दाखवा, आत काही नाही म्हणून."

"उघडत नाही तो. सांधाच नाही त्याला."

"सांधा नाही, तर बनवला कसा?"



ठेवून घेतला. एक तर तपासणीला पाठवणार, त्याला महिनाही लागेल, जास्तही. नाही तर पंचांसमोर फोडून पाहायचा. काय ते सोमवारी सांगा म्हणाल्या. स्पर्धा बाराला.

घरी सौ.ला सांगितलं. ती गजूला फोनवर जे बोलली ते लिहीत नाही.

५ ऑक्टो., रवि.

भंगाराचा ड्रम उपसायला गेलो. अर्धा रिकामा. भंगारवाल्याने कधी नेलं विचारलं तर सौ. म्हणाली, दसऱ्याच्या आधी दुकान झाडलं तेव्हा. स्प्रिंग, पिस्टन गेलं. केशरी टोपण तेवढं तळाशी सापडलं.

गजू आला, दारातच उभा. "भाऊजी, मी सांगतो ना त्याहिले, माही चूक हाय म्हनून."

"तू काय सांगशील? फोटो मी काढायला लावला."

"तं मंग तुमी चिडू नका मायावर."

"चिडलो नाही."

"तोंडाहून तं वाटून नाई राह्यलं."

मयूचा फोन. पार्सल कधी टाकता? म्हटलं, लॅकर वाळतंय.

६ ऑक्टो., सोम.

युक्ती सुचली होती. घरचा छोटा काटा घेऊन ठाण्यात गेलो. एअरसॉफ्टचं मूळ वजन मयूच्या बिलावर छापलंय, काढलेले भाग किती भरले ते मी तेव्हाच टिपून ठेवलंय. माझा दांडा किती, डिस्प्ले किती, पुट्टी किती, मला ग्रॅमपर्यंत पाठ. बेरीज-वजाबाकी केली, समोर वजन केलं. जुळलं. म्हणजे आत दुसरं काही असूच शकत नाही.

मॅडमनी सगळं ऐकलं. शांतपणे. "काका, तुमचा हिशेब बरोबर असेल. पण मी वर काय लिहू? वजनावरून खात्री पटली?"

जमादार म्हणाले, "फोडा ना. लेकीले दुसरं बनवून द्या."

दुसरं. चार दिवसांत. म्हटलं, "तुमच्याकडून होईल का?" म्हणायला नको होतं. त्यांचं तोंड बदललं. मॅडमनी बुधवारपर्यंत मुदत दिली, त्यानंतर तपासणीला जाईल.

काटा काखेत मारून परत आलो. बाजारात दोघांनी विचारलं, ठाण्याचाही काटा बिघडला का.

७ ऑक्टो., मंगळ.

काम झालं नाही. एका सराफाचा काटा तीनदा लावला, तिन्ही वेळा वेगळं दाखवतो. चूक माझीच, बाजूला ठेवून दिला.

फोडायचा तर सांध्यावरूनच फोडावा लागेल. म्हणजे नेमकं तेच, जे लपवायला दिवस घातले. रंग उडेल, मीठकाम जाईल, डिस्प्लेची वायर तुटेल. न फोडावा तर तो इथे शाबूत राहील आणि मयू तिथे रिकाम्या हाताने उभी. मग डिसेंबरात परत इंजिनियरिंगचा फॉर्म. हेच तर मी मागितलं होतं वर्षभर. आता ते असं आयतं पुढ्यात आलंय तर घास उतरत नाही.

सौ. म्हणाली, "तिले सांगा ना एकडाव. तिचं हाय ते, तुमचं नाई."

माझंही आहे. 

८ ऑक्टो., बुध.

सकाळी मयूला सांगितलं. सगळं. टोक, फोटो, ठाणं, लॅकर वाळत नव्हतं ते.

मला वाटलं रडेल. किंवा म्हणेल, काही तरी करा, तसाच सोडवा. तिने एवढंच विचारलं, "तुमच्यावर केस नाही ना झाली?"

"नाही अजून."

"फोडा."

"अगं पण..."

"बाबा, फोडा आणि घेऊन या. जसा असेल तसा."

क्षणही घेतला नाही. दिवसभर तेच डोक्यात. माझ्या कामाचं तिला काही वाटलं नाही, की माझं जास्त वाटलं? कोणतं खरं धरू?

ठाण्यात जाऊन सांगितलं, उद्या उघडतो. पण मी उघडीन, माझ्या हत्यारांनी. जमादार हसले, "आना बा तुमचे हत्यार. फकत फोटो नका टाकू."

९ ऑक्टो., गुरु.

पंच म्हणून समोरचा झेरॉक्सवाला नि एक रसवंतीवाला. दोघेही ओळखीचे, दोघेही माझ्याकडे पाहत नव्हते. शिपायाने हातोडी आणून ठेवली होती. ती बाजूला सारली.

सांधा मलाच सापडेना. खरंच. नख फिरवलं, काही नाही. शेवटी ट्रिगरच्या वाटेवरून अंदाज घेतला नि बारीक करवतीचं पातं लावलं. पहिली ओढ काळ्या रंगातून गेली, खाली करडी पुट्टी निघाली. मग पांढरं प्लॅस्टिक. पुट्टी धरून बसलेली.  पात्याचा तेवढा आवाज. उजव्या अंगाचं मीठकाम पापुद्र्यासारखं सुटून टेबलावर पडलं. झेरॉक्सवाला हळूच म्हणाला, "अरारा."

अर्ध्यावर पातं फिरलं नि बोट कापलं. थोडंसंच. मॅडम म्हणाल्या, थांबा, शिपाई करेल पुढचं. म्हटलं, नको.

उघडला. आत पितळी दांडा, इपॉक्सी, दोन वायरी, बॅटरीचा डबा. बाकी मोकळी जागा. मॅडमनी टॉर्च मारून पाहिलं, मग स्वतःच्या बोटाने पुट्टीची आतली बाजू चाचपली. "आतूनही घासलंय?"

"हो."

"आतून कोण बघणार होतं?"



पंचनामा झाला, सह्या झाल्या. केस नाही. समज दिली, तसं लिहून घेतलं. पण नळीचं तोंड केशरी रंगवल्याशिवाय बाहेर न्यायचं नाही. टोपण खिशात होतं, बसेना. मग जमादारांनी बॅरिकेडच्या रंगाचे डबे आणले, लाल नि पिवळा. झाकणात कालवून केशरी केला, जाड ब्रशने फासला. "घ्या, आता इमानातही न्या." रंगाचे ओघळ कड्यावरून खाली. लॅकरला लागले तिथे लॅकर सुरकुतून वर आलं. मी पाहत उभा राहिलो. दोन अर्धे वर्तमानपत्रात गुंडाळून दिले, सोबत सोडल्याचा कागद.

बाहेर गजू मोटारसायकल घेऊन उभा होता.  घरापर्यंत गाडी इतकी हळू चालवली की मागचे हॉर्न वाजवत होते.

१० ऑक्टो., शुक्र.

जोडायला घेतला नि ठेवून दिला. पुट्टी नीट वाळायला वेळ नाही, वाळली तर घासायला नाही, रंगाला तर नाहीच. घाईचं काम माझ्या हातून जात नाही. वायर तेवढी सोल्डरचा डाग देऊन जोडली. आकडे लागतात.

पिशवीत पुट्टी, हार्डनर, घासायचे कागद, काळा स्प्रे, चांदी, जाडं मीठ. सौ.ने चिवडा नि मयूसाठी लोणचं. संध्याकाळची ट्रॅव्हल्स. सौ. म्हणाली, "तिच्यावर ओरडू नका." म्हटलं, मी काऊन ओरडू? ती म्हणाली, "मी आपलं सांगून ठेवलं."

११ ऑक्टो., शनि. पुणे, मयूची खोली

पिशवी मांडीवर धरून आलो. वाटेत नाक्यावर बस थांबवली तेव्हा ठाण्याचा कागद हातात काढून ठेवला होता. कोणी पाहिलं नाही.

मयू बारीक झाली आहे. खोलीभर कापड, दोरे, कुठे कुठे फोमचे तुकडे. भिंतीला टांगलेला ड्रेस. तो जवळून पाहिला. खांद्याची शिवण उलटी घेतलीय, मुद्दाम, जुना वाटावा म्हणून. नीट आहे काम. तिला म्हटलं नाही.

वर्तमानपत्र सोडलं. तिने दोन्ही अर्धे उचलून खिडकीशी नेले. कापलेली कड, सोललेली बाजू, बॅरिकेडचा रंग. मी सांगत गेलो, इथे असं होतं, इथे तसं होतं, मीठ असं टाकलं होतं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे.

"बोटाला काय झालं?"

"पातं फिरलं."

"बसा. चहा ठेवलाय."

"आधी पुट्टी लावून घेऊ. मी..."

"मी लावते, बाबा."

"तुला प्रमाण..."

"उद्या मी उभी राहणार आहे हे घेऊन. लावू द्या."

बसलो. चहा घेतला. आता दुपारचे तीन. उद्या दहाला तिचा नंबर. आमच्यातला परत येण्याचा शब्द अजून तसाच आहे, दोघांपैकी कोणी त्याचा विषय काढला नाही. यायच्या आधी ठरवलं होतं की आल्याआल्या तो शब्द परत घेईन. घेतलेला नाही. तोंडाशी येतो नि हिच्या हाताकडे पाहत राहतो.

ती फरशीवर बसून पुट्टी कालवते आहे. हार्डनर जास्त पडलाय, इथूनच रंगावरून दिसतं. लवकर धरेल, ठिसूळ होईल. किंवा तिला लवकरच धरायला हवी असेल. सांधा भरते आहे, पण लपवत नाहीये, उलट मुद्दाम जाड ठेवतेय, जखम शिवल्यासारखी. केशरी ओघळांना हात लावला नाही. ट्रिगरपाशी दोन्ही बाजू केसभर वरखाली बसल्यात. अजून ओली आहे, आत्ता दाबलं तर सरळ होईल. थोड्या वेळाने नाही होणार.

तिने एकदा वर पाहिलं. "काय?"

"काही नाही. कर तू."